कापसात ठेवलेलं पातेलं

हाताची उलटी बाजू पातेल्याच्या पोटाला लावायची, डोळे मिटायचे, दोन श्वास थांबायचं आणि मग मांडवभर ऐकू जाईल असं म्हणायचं, "ऊन शे." ऊन आहे, म्हणजे गरम आहे. एवढं झालं की पत्रावळी पडायला सुरुवात व्हायची. तोवर वाढपी बादल्या धरून गप्प उभे. नवरदेवाचा बाप असो नाहीतर गावचा सरपंच, तो हात पातेल्यावरून निघेपर्यंत "वाढा" म्हणायची कुणाची छाती नव्हती.

रनाळ्यात आम्ही सगळे त्यांना जिभाऊ म्हणत असू. खानदेशात दर दोन गल्ल्यांमागे एक जिभाऊ निघतो, तेव्हा मी नाव सांगितलं नाही तरी तुमचं काही अडणार नाही. तुमच्या गावातही असा एखादा असेलच. उंच, किडकिडीत, पांढरा पायजमा घोट्याच्या वर, खांद्यावर पंचा. घर आमच्या घराच्या अगदी समोर. जमीन चांगली, तिच्यात कापूस आणि गहू. मुलगा सुरतेला नोकरीला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. स्वयंपाक हा काही त्यांचा धंदा नव्हता. वरण, बट्ट्या, गोडधोड करायला आचारी असायचे. जिभाऊंकडे एकच पदार्थ, बटाट्याचा घोटा. तो त्यांना कुणी दिला नव्हता आणि त्यांच्या हातून कुणी काढूनही घेतला नाही.

आमच्याकडच्या पंगतीला बसला असाल तर वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी तुम्ही जेवला असाल. पण ऐन लग्नसराईत, उन्हाळ्यात, वांगं बियांनी भरतं आणि घशाला खाजतं. त्यावर जिभाऊंनी काढलेला हा तोडगा. विसरवाडीच्या चौफुलीवर गुजरातेतून बटाट्याचे ट्रक येतात. जिभाऊ स्वतः टेम्पोत बसून जाणार, पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळचा बटाटा वर काढून बघणार, मगच पोती उचलणार. बटाटे उकडायचे, चटके सोसत सोलायचे आणि गरम आहेत तोवरच लाकडी दांड्यानं घोटायचे. त्यात तापलेलं दूध आणि लोणी. वरून हिरवी मिरची, लसूण, जिऱ्याची फोडणी. इतका मऊ, की बिनदाताची म्हातारी माणसं त्याच्यासाठी दुसऱ्यांदा पंगतीला बसायची.

घोटा करायला कुणीही करेल. ठेवायचा कसा, ते फक्त जिभाऊंना माहीत. कारण पंगत कधी वेळेवर बसत नाही, हे तुम्हाला काय मी सांगायला हवं? वरात मारुतीच्या पारापाशी तासभर अडते. नवरदेवाचे मित्र एकच गाणं चारदा वाजवतात. मग पाहुण्यांचे सत्कार, मग पुढाऱ्यांचे आशीर्वाद. तोवर घोट्याचा दगड होतो. चुलीवर तसाच ठेवला तर बुडाला करपतो. वाफ कोंडली तर झाकणाचं पाणी टपटपून आत लापशी होते.

एकदा एक पुढारी माईकवर आले ते जागचे हलेनात. आधी धरणाचं पाणी, मग पिकाचे भाव, मग तरुण पिढी. जिभाऊंनी एका चिठ्ठीवर काहीतरी खरडून ती स्टेजवर पाठवली. पुढाऱ्यांना वाटलं, आणखी कुणाचं नाव घ्यायचं राहिलंय. त्यांनी ती चिठ्ठी तशीच माईकवर वाचली, "घोटा थांबला आहे, आपणही थांबावे." सगळा मांडव हसला. पुढारी भला माणूस असावा, तोही हसला आणि खाली उतरून पहिल्या पंगतीला बसला.

जिभाऊंची युक्ती अशी होती. घोटा पातेल्यात भरला की पळीच्या पाठीनं वरून सारखा करायचा, त्यावर वाटीभर कढत दूध आणि तूप ओतायचं, म्हणजे वर पापुद्रा धरत नाही. मग धुतलेलं धोतर चौपदरी करून पातेल्याच्या तोंडावर, म्हणजे वाफेचं पाणी ते पिऊन घेतं. वर झाकण. झाकणाच्या कडेनं बट्टीच्या कणकेची वळी करून चिकटवायची. हे पातेलं उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात, खाली दोन विटा देऊन. सगळ्याला दोन गोधड्या गुंडाळायच्या. आणि शेवटी ते सगळं बिऱ्हाड कापसात.

कापूस त्यांच्या बाहेरच्या खोलीत छातीइतका भरलेला असायचा. भाव वाढेल म्हणून वैशाखापर्यंत ठेवायचा, हा त्यांचा दरवर्षीचा हट्ट. त्या ढिगात खड्डा करून पातेलं बसवायचं आणि वरून हातानं कापूस लोटायचा. खोलीच्या दारात विडी ओढणारा दिसला की जिभाऊ त्याला रस्त्याच्या पलीकडे पाठवायचे. मग दारात खाट टाकून बसायचे आणि आल्यागेल्याला एकच वाक्य ऐकवायचे, "झाकन उघाडानं नही."

एका वर्षी कापसाचा व्यापारी आला. मूठभर कापूस हातात घेतला, ओढून पाहिला, मग नाकाशी नेला.

"जिभाऊ, कापसाले लसूनना वास कसा काय यी ऱ्हायना?"

"मन्हा कापूस दहा पंगतीसमा बठेल शे," जिभाऊ म्हणाले.

व्यापाऱ्यानं चहा घेतला आणि दहा पंगतींना बसलेला तो कापूसही घेतला.

माझं सांगायचं तर मी मास्तरीण. तीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं, आता घरी बसून मोठ्यांना शिकवते, असं आमचे हे म्हणतात. मी फटकळ आहे, ते गाव सांगेलच. जिभाऊंशी माझं भांडण कधी झालं नाही, कारण भांडायला समोरच्यानं उलट उत्तर द्यावं लागतं. मी काहीही बोलले तरी ते म्हणायचे, "बरोबर शे, मास्तरीनबाई," आणि पुढे आपल्याला हवं तेच करायचे.

चार वर्षांपूर्वी आमच्या मुलाचं लग्न ठरलं. ठरलं म्हणजे त्यानंच ठरवलं. तो नंदुरबारला नोकरीला, मुलगी तिथेच नर्स, आणि गाव मणिबेली. मणिबेली म्हटलं की आमच्याकडची माणसं विचारतात, आहे का ते गाव अजून? आहे. बरंचसं पाण्याखाली आहे, उरलेलं वर टेकडीवर आहे, आणि तिथून कुठेही निघायचं तर आधी होडीत बसावं लागतं.

खोटं कशाला बोलू, मी आठ दिवस मुलाशी धड बोलले नाही. जात वेगळी, बोली वेगळी, डोंगरातली माणसं, आमचे नातलग काय म्हणतील, हे सगळं माझ्याही मनात आलं. मुलांना वर्षानुवर्षं समतेचे धडे शिकवलेल्या बाईच्या मनात आलं. नवव्या दिवशी ती पोरगी एकटीच घरी आली. पिशवीतून यंत्र काढलं, माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाली, "मॅडम, बीपी वाढलंय. माझ्यामुळे वाढलं असेल तर मला आधी सांगा, मग गोळी लिहून घेऊ." मला हसू आलं. एकदा हसल्यावर पुन्हा रागावून बसणं मला काही जमलं नाही.

मणिबेलीला सगळ्या पाहुण्यांना नेणं कठीण, म्हणून लग्न रनाळ्यात करायचं ठरलं. लग्नाच्या आठवडाभर आधी ती पुन्हा आली. स्वयंपाकघरात माझ्याबरोबर लसूण सोलत बसली आणि मान खाली घालूनच म्हणाली, "मॅडम, एक मागू का?"

मला वाटलं, साडी-दागिन्याचं काही असेल.

"माझ्या मावशीच्या मुलीचं लग्न असंच सपाटीवरच्या घरात झालं," ती म्हणाली. "आमची माणसं उशिरा पोचली. होडीनं यायचं म्हणजे उशीर होतोच. सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरलेलं आम्हाला वाढलं. पुऱ्या वातड, भाजी गार. आई तिथे काही बोलली नाही. परत जाताना होडीत म्हणाली, आपण काय भुकेसाठी गेलो होतो तिथं?" तिनं दोन पाकळ्या सोलल्या. "मला मानपान नको. माझ्या माणसांना गरम वाढा. तुमच्या माणसांना वाढता तसं."

मी म्हटलं, "माझा शब्द."

शब्द देऊन बसले आणि संध्याकाळी समोरच्या ओट्यावर जाऊन जिभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"कितला मानसं?"

"चाळीसेक."

"येवू द्या," जिभाऊ म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त होता दुपारी साडेबाराचा. नवरी आणि तिचा भाऊ आदल्या दिवशीच हळदीला आले होते. आईबाप आणि बाकीची मंडळी सकाळी होडीनं निघून अलीकडे उतरणार, तिथून जीपनं येणार. साडेदहाला भावाला फोन आला. पाण्यावर वारा सुटलाय, लाटा उठतायत, नावाडी होडी सोडायला तयार नाही. वारा पडेल तेव्हा निघू.

आईबापांवाचून मुलीचं लग्न लावायचं का? ते काही कुणी बोललंसुद्धा नाही. भटजींनी पंचांग उघडून गोरज मुहूर्त काढून दिला, संध्याकाळी पावणेसातचा. पण दहा गावचे पाहुणे मांडवात येऊन बसलेले. त्यांना उपाशी ठेवता येत नाही. तेव्हा पंगती दुपारीच उठवायच्या आणि लग्न संध्याकाळी लावायचं, असं माझ्या धाकट्या दिरांनी ठरवलं. पंगतीचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता.

नवरी आतल्या खोलीत हळदीच्या साडीत बसली होती. मी दारात गेले तेव्हा तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिला जे नको होतं तेच सगळं जुळून येत होतं.

मी मागच्या अंगणात गेले तर जिभाऊंचं आधीच सुरू झालेलं. चाळीस माणसांचा घोटा त्यांनी वेगळ्या पातेल्यात काढला होता. दूध, तूप, धोतर, झाकण, कणकेची वळी, सगळं यथासांग. चार जणांनी बांबूला टांगून ते पातेलं रस्त्यापलीकडे नेलं आणि जिभाऊंनी ते कापसात पुरलं. संध्याकाळपर्यंत, इतका वेळ, त्यांनी घोटा कधी ठेवला नव्हता. दोन तास, फार तर तीन. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "बरोबर शे, मास्तरीनबाई," आणि खाट ओढून दारात बसले.

दुपारच्या पंगती झडल्या. घोट्याला अशी मागणी, की तिसऱ्या पंगतीला मांडवातलं पातेलं खरवडायची वेळ आली. धाकटे भाऊजी घाम पुसत जिभाऊंच्या दारात आले. मी तिथेच होते.

"जिभाऊ, ते पातेलं काढा. ताटं रिकामी पडलीत. उशिरा येणाऱ्यांना वरण-बट्टी आहेच की."

"ते पातेलं मांडवनं नही," जिभाऊ म्हणाले. "व्याहीसनं शे."

"अहो, पण ते कधी येणार, येणार की नाही..."

"येतीन."

भाऊजी वाईट नाहीत हो. समोर बसलेल्या माणसाची रिकामी पत्रावळ त्यांना बघवत नव्हती. ते तणतणत परत गेले आणि लोकांना आणखी बट्ट्या वाढल्या. आणखी तूप वाढलं तेव्हा कुणाला घोट्याची आठवण राहिली नाही.

दोन वाजता जिभाऊ हातपाय धुवायला मागे गेले. मला राहवेना. गार झालं असेल, आत्ताच गार झालं असेल, मग संध्याकाळी मी कुठल्या तोंडानं वाढू? मी कापूस बाजूला लोटला, गोधडी सोडली आणि कणकेची वळी नखानं खरवडून झाकण उचललं. भसकन वाफ माझ्या तोंडावर आली. चष्मा पांढरा झाला. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. मी उभी राहून ती वाफ बघत होते, आणि मागे जिभाऊ येऊन उभे होते.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी झाकण माझ्या हातातून घेतलं, हळूच परत ठेवलं आणि म्हणाले, "दोन घंटानी ऊब गई, माय."

कधी नव्हे ते त्यांनी मला माय म्हटलं. मला रडूच फुटलं. चांगली पन्नाशी उलटलेली बाई, सासू व्हायला निघालेली, कापसात बसून रडले. जिभाऊंनी आचाऱ्याकडून कढत पाणी आणि दूध मागवलं. बाहेरच्या पातेल्यातलं पाणी बदललं, घोट्यावर पुन्हा दूध ओतलं, कोरडं धोतर घातलं, नवी कणीक लावली. मी म्हटलं, "चुलीवर चढवूया का थोडा वेळ?" तर म्हणाले, "खाले जयस, वर गार ऱ्हास." खाली जळतो आणि वर गारच राहतो. मग पातेलं परत पुरलं आणि मला खाटेवर बसवलं. आता पहारा माझा, असं सांगितलं. चोराच्याच हाती किल्ली दिली म्हणा ना.

तिथे बसल्या बसल्या त्यांनी मला ते सांगितलं, जे समोर राहूनही मला कधी कळलं नव्हतं. त्यांचं लग्न तापीकाठच्या एका गावी झालं. वरात बैलगाड्यांनी निघाली. तापीच्या वाळूत गाड्या रुतल्या, पोचायला तिसरा प्रहर झाला. मुलीकडच्यांनी सकाळी केलेला स्वयंपाक तसाच वाढला. भाजी गार. बस, एवढंच. पण जिभाऊंच्या आईनं ते धरून ठेवलं. नवी नवरी घरात आल्यापासून चार बायकांत बसलं की निघायचं, हिच्या माहेरी आम्हाला गार भाजी मिळाली. तिच्या हातून दूध उतू गेलं तरी तेच आणि तिनं पोराला जन्म दिला तरी तेच. म्हातारी मरेपर्यंत.

"गाड्या रुतन्यात वाळूमा," जिभाऊ म्हणाले. "भाजी गार व्हयनी चूलवर. तिन्हा काय दोष व्हता?"

"वहिनी काही म्हणायच्या?"

"काहीच नही. तेच तं सलस." मग त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "तुम्हनी पोरले असं नको."

त्या माऊलीच्या हातची भाकर मी कितीदा खाल्ली होती, आणि ती वीस वर्षं गार भाजीचं ओझं घेऊन वावरत होती, हे मला तिच्या दारासमोर राहून ठाऊक नव्हतं.

साडेतीनला फोन आला. वारा पडला, होडी लागली, माणसं जीपमध्ये बसली. साडेपाचला गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजला. तो ढोल मी आयुष्यात विसरणार नाही. चार जीपमधून चाळीसऐवजी त्रेपन्न माणसं उतरली. डोक्याला फेटे, बायकांच्या गळ्यात चांदी, एका म्हाताऱ्याच्या काखेत आमचुराचं गाठोडं, विहीणबाईंच्या कडेवर कुणाचं तरी पोर. सकाळपासून उन्हात ताटकळलेली माणसं, पण उतरल्या उतरल्या रस्त्यातच फेर धरला. दुपारी जेवून ओट्याओट्यांवर पेंगत पडलेलं रनाळं उठून बसलं. आधी आमच्या गल्लीतली पोरं फेरात शिरली, मग बायका. आमचे हे, ज्यांनी स्वतःच्या लग्नात पाय हलवला नव्हता, तेही शिरले. मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

सगळे नाचतायत आणि जिभाऊ मात्र दारात उभे, एकदा ढोलाकडे बघतायत, एकदा कापसाकडे. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आते नाचानं का जेवानं? इचारा त्यासले."

मी सुनेला बोलावलं. तिनं बापाच्या कानात सांगितलं आणि ढोल थांबला.

आम्ही घरचे सकाळपासून जेवलो नव्हतो. तसं ठरवलंच होतं. एकच पंगत मांडली. एक आमचं माणूस, एक त्यांचं, असं आलटून पालटून. धाकट्या भाऊजींनी स्वतः पाणी फिरवलं. पत्रावळी पडल्या. बांबूला टांगलेलं पातेलं रस्ता ओलांडून मांडवात आलं. गोधड्या निघाल्या. जिभाऊंनी पातेल्याच्या पोटाला हात लावला आणि डोळे मिटले.

दोन श्वास झाले. चार झाले. मी सुनेचा हात धरून उभी होते. मनात म्हटलं, बाई, दोन वाजता तूच झाकण उघडलंस. आता जे होईल ते तुझं.

"ऊन शे," जिभाऊ म्हणाले. आवाज नेहमीइतका मोठा नव्हता.

कणीक फोडली, झाकण उचललं आणि वाफ निघाली. भसकन नाही, पण निघाली. त्रेपन्न जणांना पुरवायचा म्हणून आमच्या पत्रावळींवर चमचाभरच टाकायला आम्ही घरच्यांनी वाढप्यांना खुणावलं. विहीणबाईंच्या पत्रावळीवर घोटा पडला. त्यांनी बोट लावलं, पटकन मागे घेतलं आणि मांडीवरच्या पोराला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. मी सुनेकडे पाहिलं.

"काय म्हणाल्या?"

सून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "त्याला सांगतेय, फुंकून खा."

माझा जीव भांड्यात पडला. पातेल्यातच पडला म्हणा.

पण व्याही जेवेनात. पत्रावळीसमोर हात बांधून बसलेले. आम्ही घाबरलो, काय चुकलं? ते सुनेशी बोलले आणि जिभाऊंकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "बाबा विचारतायत, हे जेवले का?"

आता यावर काय सांगणार? जिभाऊ पंगतीत कधी जेवत नसत. आधी चाखायचं नाही, कारण नैवेद्य व्हायचा असतो. नंतर खायचं तर घोटा उरत नसे. सगळ्यांचं झालं की ते घरी जाऊन चटणी-भाकरी खायचे. चाळीस वर्षं हेच चाललेलं, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सुनेनं हे सगळं तिच्या बापाला सांगितलं. व्याही उठले. त्यांनी आपली पत्रावळ सरकवली, शेजारी दुसरी मांडली आणि जिभाऊंचा दंड धरून त्यांना खाली बसवलं. जिभाऊ "नही, नही" करत होते. पण त्या माणसानं आयुष्यभर होड्या ओढलेल्या, त्याच्या पकडीपुढे जिभाऊंचं काय चालणार?

वाढप्यानं त्यांच्या पुढ्यात घोटा वाढला. जिभाऊंनी घास घेतला. सगळी पंगत त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी घास जिभेवर घोळवला आणि गिळला.

"मीठ कमी शे," ते म्हणाले.

मी खाली मान घातली. आमचे हे छताकडे बघायला लागले.

"आज कमी पडनं का?" त्यांनी मला विचारलं.

मी मास्तरीण. विद्यार्थ्याला खोटं सांगत नाही. "पहिल्यापासून कमीच असतं, जिभाऊ."

"पहिलापाईन?"

"हो."

"कोनीच सांगं नही?"

"पत्रावळीवर मीठ असतंच की," मी म्हटलं. "आम्ही आपलं घालून घ्यायचो."

काय चेहरा झाला होता त्यांचा. आणि मग ते हसायला लागले. असे हसले की त्यांना ठसका लागला आणि व्याह्यांनी पाठीवर थापटून पाणी पाजलं. चाळीस वर्षं सगळं गाव चिमटीनं मीठ घालून घेतंय आणि एकही जण बोलत नाही. जिभाऊंनी पत्रावळीवरचं मीठ घोट्यात कालवलं, सगळा घोटा खाल्ला आणि पुन्हा मागून घेतला. मग गोरजवेळेला लग्न लागलं. अक्षता टाकताना ते व्याह्यांच्या शेजारीच उभे होते.

त्यानंतर सूनबाईनं एक नियम करून टाकला. रनाळ्यात असली की जिभाऊंचं दुपारचं ताट आमच्याकडून. चटणी-भाकरीवर भागवायचं नाही. ते कुरकुरले, पण नर्सबाईंपुढे कुणाचं चालतं? ताट घेऊन ती रस्ता ओलांडायची आणि ते जेवेपर्यंत समोर बसून राहायची.

यंदाच्या पौषात एका दुपारी ते जेवले, ताट धुवून ठेवलं, ओट्यावर उन्हात आडवे झाले आणि उठले नाहीत. सुरतेहून मुलगा आला, सगळं झालं. मणिबेलीला निरोप पोचायला दोन दिवस लागले. तिथं फोन लागायचा तर टेकडीच्या माथ्यावर चढावं लागतं. तिसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांचा फोन आला. धापा टाकत होते. त्यांचं मराठी तोडकंमोडकं, माझी त्यांची बोली तर त्याहून वाईट. कसे गेले, केव्हा गेले, त्यांनी काहीच विचारलं नाही.

मग म्हणाले, "जेवून गेले?"

मी म्हटलं, हो. तुमच्या लेकीनंच वाढलं होतं. गरम होतं.